माझे आणि त्यांचे

आज अष्टमी. घटातलं धान वीतभर वर आलंय. पिवळट हिरवं, खिडकीकडे किंचित कललेलं. सिएटलला या दिवसांत ऊन बेताचंच, म्हणून घट स्वयंपाकघरातल्या पूर्वेच्या खिडकीशी मांडते. सकाळी नंदादीपात तेल घातलं, वात सारखी केली, हात जोडले आणि ओठांपर्यंत आलेलं मागणं तिथेच थांबलं. शनिवारी, ४ ऑक्टोबर २०२५ ला, सिएटल मरिनर्सचा प्लेऑफचा पहिला सामना आहे. तो जिंकू दे, एवढंच मागायचं होतं. यमाईच्या टाकासमोर उभं राहून मला ते मागता आलं नाही.

माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं कोरेगाव, कुलदेवी औंधची यमाई. गेली अठ्ठावीस वर्षं मी इथे आहे, एका हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते. त्यातली पहिली नऊ वर्षं रात्रपाळीची. देवीकडे मागताना मला कधी संकोच वाटलेला नाही. मुलाच्या तापात मागितलंय, व्हिसाच्या कागदासाठी मागितलंय, आईच्या शेवटच्या दिवसांत तिला वेदना होऊ नयेत म्हणून मागितलंय. मग एका खेळापाशी येऊन जीभ का अडली?

मरिनर्सबद्दल थोडं सांगायला हवं. अमेरिकेतल्या वरिष्ठ बेसबॉलमध्ये तीस संघ. मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत प्रत्येकाचे १६२ सामने, जवळजवळ रोज एक. त्यातले बारा संघ प्लेऑफला जातात आणि शेवटी उरलेले दोन वर्ल्ड सिरीज खेळतात. मरिनर्स १९७७ साली सुरू झाले. वर्ल्ड सिरीज एकदाही न खेळलेला, तिसांतला हा एकच संघ. २००१ नंतर २०२२ पर्यंत तर प्लेऑफसुद्धा नाही. तेवढ्या काळात माझा मुलगा जन्मला, शिकला आणि कॉलेजात गेला. यंदा ९० सामने जिंकून, २००१ नंतर पहिल्यांदाच, आम्ही आमच्या गटात पहिले आलो. कॅल रॅलीनं ६० होम रन मारले, आणि तो कॅचर आहे. सामनाभर उकिडवं बसून ताशी दीडशे किलोमीटरनं येणारे चेंडू झेलायचे आणि मग त्याच गुडघ्यांवर बॅट घेऊन उभं राहायचं. त्याच्याआधी एकाही कॅचरला एका मोसमात पन्नाससुद्धा गाठता आले नव्हते.

एवढं केल्यामुळे पहिल्या फेरीतून सूट मिळाली आणि हा रिकामा आठवडा वाट्याला आला. समोर क्लीव्हलंड येईल की डेट्रॉइट, हे फार तर गुरुवारी, म्हणजे दसऱ्याला, कळेल. तोवर नुसती वाट. मोसमातले शेवटचे तीन सामने आम्ही घरच्या मैदानावर लॉस एंजेलिसकडून हरलो, ते डोक्यातून जात नाहीत. ब्रायन वू हा वर्षभर आमचा सगळ्यात भरवशाचा पिचर. त्याच्या छातीचा स्नायू दुखावलाय. अशी बातमी वाचली की मी आपोआप दिवस मोजायला लागते, सूज उतरायला किती, जोर परत यायला किती. रात्री अडीचला जाग येते आणि पोटात एक थंड गोळा असतो. मुलाच्या निकालाच्या आदल्या रात्री असायचा, तसाच.

आमच्या घरी गीतारहस्याची जुनी प्रत होती, पाठ निघालेली, वडिलांनी पुठ्ठा लावून शिवलेली. दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक घरात दहावीच्या निकालापासून पावसापर्यंत सगळ्याला लावला जायचा. कर्मावर तुझा अधिकार, फळावर नाही. या आठवड्यात रात्री जाग आल्यावर मी तोच स्वतःला सांगून पाहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो मला लागू पडेना. फळाची आशा सोडायची ती कर्म करणाऱ्यानं. इथे माझं कर्म कुठलं?

हा श्लोक ज्याला पुरता लागू पडतो असा एक माणूस मी पाहिलाय. फेलिक्स हर्नांडेझ. २००५ ते २०१९ असे पंधरा मोसम तो मरिनर्ससाठीच चेंडू टाकत राहिला. २०१० साली त्याला आपल्या लीगमधला सर्वोत्तम पिचर म्हणून साय यंग पुरस्कार मिळाला, तेव्हा त्याच्या नावावर तेरा विजय आणि बारा पराभव होते. तो समोरच्यांना धावा काढू देत नव्हता आणि आमचे फलंदाज त्याच्यासाठी धावा काढत नव्हते. १५ ऑगस्ट २०१२ ला त्यानं टॅम्पा बेच्या सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाजांना ओळीनं बाद केलं, एकालाही पहिल्या बेसवर पाऊल ठेवू दिलं नाही. सामना १–० असा जिंकला. त्या दुपारी मी फार्मसीच्या मागच्या खोलीत उभ्यानं रडले होते. या माणसानं प्लेऑफमध्ये एकही चेंडू टाकला नाही. पंधरा वर्षांत संघ तिथवर पोचलाच नाही. २०१९ च्या सप्टेंबरात शेवटच्या सामन्यात तो मैदानाबाहेर आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. फळ सोडून दे, हे त्याला सांगण्यात अर्थ आहे. त्याच्या हातात चेंडू होता. माझ्या हातात स्कोअर लिहायची पेन्सिल असते.

गीतेतच, अठराव्या अध्यायात, कुठलंही कार्य घडायला पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना तऱ्हेच्या हालचाली आणि पाचवं दैव. मी ती बेसबॉलला लावून पाहिली. मैदान आहे, खेळाडू आहेत, बॅट आणि ग्लव्ह आहेत, चेंडू फेकताना खांद्यापासून बोटांपर्यंत जे काही होतं ते आहे, आणि ऐनवेळी चेंडूला वीतभर पुढे नेणारा किंवा मागे ठेवणारा वारा आहे. पाचांत प्रेक्षक नाही. मैदानात बसून ओरडणाऱ्यांचा थोडाफार परिणाम होत असेल, तो मान्य करू. घरी बसून पाहणारीचा काही नाही. मुंडकोपनिषदात एका झाडावर दोन पक्षी आहेत, एक फळ खातो आणि दुसरा नुसता पाहतो. चाहत्याची जागा त्या पाहणाऱ्या पक्ष्याची आहे, पण गोडकडू चव मात्र त्याच्याच तोंडात येते. हे दुःख मोठं विलक्षण आहे, आणि ते खोटं नाही.

म्हणूनच, मला वाटतं, आम्ही कर्म बनवतो. या सप्टेंबरात एका चाहत्यानं ऑनलाइन मंत्रतंत्र विकणाऱ्या बाईला पैसे देऊन संघासाठी तोडगा करवून घेतला, संघ ओळीनं दहा सामने जिंकला आणि सगळ्या शहरात त्याचीच चर्चा झाली. २०२२ च्या प्लेऑफमध्ये हजारो माणसांनी पायातले बूट काढून डोक्यावर ठेवले होते. पायातलं डोक्यावर घेणं आपल्याला एकदम भरताची आठवण करून देतं. चौदा वर्षं त्याच्याही हातात रामासाठी करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्यानं पादुका घेतल्या. ही माणसं वेडी नाहीत. ज्याच्यावर जीव आहे त्याच्यासाठी काहीच करता येत नाही, ही अवस्था माणसाला सोसत नाही.

मलाही सोसली नाही. आज ३० सप्टेंबर. बरोबर तीन वर्षांपूर्वी याच तारखेला ऑकलंडविरुद्ध १–१ अशी बरोबरी होती. नववा डाव, दोघे बाद, तीन बॉल आणि दोन स्ट्राइक. रॅलीनं चेंडू उजव्या बाजूच्या भिंतीपलीकडे मारला आणि एकवीस वर्षांची प्रतीक्षा संपली. तेव्हा मी ओट्याशी कणीक मळत होते, पाठ टीव्हीकडे. त्यानंतर किती तरी सामन्यांत नववा डाव आला की मी उठून ओट्याशी जाऊन उभी राहायचे. औषधांच्या चाचण्या कशा होतात, योगायोग कसा वगळतात, हे माझ्या रोजच्या कामातलं आहे. तरी पाय तिकडे वळायचे. ते मी गेल्या वर्षी बंद केलं. कारण साधं होतं: ओट्यापासून टीव्ही दिसत नाही. एका संध्याकाळी लक्षात आलं की ज्या खेळावर माझा एवढा जीव आहे त्याचा सगळ्यात मोलाचा भाग मी दोन वर्षं पाहिलेलाच नाही. जिंकावेत म्हणून मी पाहणं सोडून दिलं होतं.

तेव्हापासून धृतराष्ट्र मनातून जात नाही. गीतेतलं पहिलं वाक्य अर्जुनाचं नाही, कृष्णाचंही नाही. ते या आंधळ्या म्हाताऱ्याचं आहे. माझ्या मुलांनी आणि पांडूच्या मुलांनी काय केलं, असं तो संजयाला विचारतो. आधी माझे, मग त्यांचे. रणांगण दूर आहे, त्याच्या हातात काही नाही, आणि सगळं फळ मात्र त्यालाच भोगायचं आहे. गीतेत पहिला बोलणारा प्रेक्षक आहे, तोही एका बाजूचा, हे मला पन्नाशी उलटल्यावर उमगलं. व्यासांनी त्याला दृष्टी देऊ केली होती. त्यानं नको म्हटलं आणि ती संजयाला मिळाली. पुढे सातशे श्लोकांत तो पुन्हा एकदाही बोलत नाही. त्याच्याआधीची, द्यूतसभेतली त्याची जागा तर वाचवत नाही. द्रौपदी पणाला लागलेली आहे आणि धृतराष्ट्र आनंद न लपवता पुन्हा पुन्हा विचारतोय, जिंकलं का, जिंकलं का.

हा प्रश्न मी माझ्या तोंडून ऐकलाय. २००१ सालची गोष्ट. त्या वर्षी मरिनर्सनी ११६ सामने जिंकले. १९०६ मधल्या शिकागो कब्जच्या विक्रमाशी बरोबरी केली. मधेच ११ सप्टेंबरचा हल्ला झाला, खेळ आठवडाभर थांबला. ऑक्टोबरात आमची गाठ पडली ती न्यूयॉर्कशी. ज्या रात्री पाचवा सामना होता त्या रात्री मी कामावर होते. विश्रांतीच्या खोलीत टीव्ही चालू होता आणि तिथे एक नर्स बसलेली होती. तिचा मामेभाऊ न्यूयॉर्कमध्ये, हल्ला झालेल्या इमारतीत गेला होता. हे मला माहीत होतं. मी औषधं देऊन दर दहा मिनिटांनी दारातून डोकावत होते आणि तिलाच विचारत होते, किती झाले? आपण किती मागे? ती प्रत्येक वेळी आकडा सांगत होती, आवाज न चढवता. आम्ही १२–३ असे हरलो, मोसम संपला. तिचा चेहरा मला आज आठवत नाही. तिनं आकडे सांगितल्याचं मात्र विसरता येत नाही.

शनिवारी समोर जे येतील त्यांचं दुःखही लहान नाही. क्लीव्हलंडनं शेवटची वर्ल्ड सिरीज जिंकली ती १९४८ साली. यंदा ते डेट्रॉइटच्या साडेपंधरा सामने मागे पडले होते आणि तेवढं अंतर तोडून गटात पहिले आले. असं आजवर कुणीच केलेलं नव्हतं. ज्या डेट्रॉइटच्या हातातून ते निसटलं त्यांचा शेवटचा विजय १९८४ चा. तिकडेही कुणाच्या तरी स्वयंपाकघरात कुठली तरी वात जळत असेल. आमचा विजय मागताना मी त्या घरातला पराभवही मागत असते, आणि सकाळी जीभ अडली ती इथे. तापाच्या वेळी असं काही नव्हतं. माझ्या मुलाचा ताप उतरला म्हणून दुसऱ्या कुणाच्या मुलाला चढला नसता. व्हिसाच्या वेळी मात्र कदाचित झालं असेल. त्याचा आकडा ठरलेला असतो, माझ्यामुळे कुणीतरी मागे राहिलं असेल. तेव्हा हा विचार मनाला शिवलासुद्धा नव्हता.

मग चाहत्यानं करायचं काय? मला जे थोडंफार कळलं ते रात्रपाळीत कळलं. तळघरातली आमची फार्मसी, सात ते सातची पाळी, आणि माझ्यासोबत एक वयस्कर तंत्रज्ञ. ते १९७७ पासून मरिनर्सचे. त्यांचा रेडिओ गोळ्यांच्या फडताळावर असायचा आणि त्यात डेव्ह नीहाउसचा आवाज. नीहाउसनी मरिनर्सच्या अगदी पहिल्या सामन्यापासून २०१० मध्ये वारेपर्यंत, चौतीस मोसम, समालोचन केलं. बहुतेक वेळ हरणाऱ्या संघाचं. समोरच्या संघातल्या पोरानं सुंदर झेल घेतला तर त्यांचा आवाज तितकाच उजळायचा. त्या आवाजाच्या साथीनं या गृहस्थांनी मला स्कोअरबुक भरायला शिकवलं. मैदानावरच्या प्रत्येक जागेला आकडा. चेंडू सहाकडून चाराकडे, चाराकडून तिनाकडे गेला की दोघे बाद. तीन स्ट्राइकवर बाद झाला की इंग्रजी के. बॅट न हलवता नुसता पाहत उभा राहून बाद झाला तर तोच के उलटा. फलंदाज पूर्ण फेरी मारून आला की त्याच्या घरातला चौकोन काळा करायचा. डावीकडचं पान पाहुण्यांचं, उजवीकडचं आपलं. दोन्ही पानांना घरं सारखीच आणि दोन्ही भरावी लागतात. एकाच पानाची वही त्यांनी मला कधी भरू दिली नाही. सुरुवातीला मी फक्त आपलं पान भरायचे. ते शांतपणे पेन्सिल काढून डावीकडचं पूर्ण करायचे.

१५ ऑक्टोबर २०२२ ला, एकवीस वर्षांनी सिएटलमध्ये प्लेऑफचा सामना झाला तेव्हा मी वही घेऊन मैदानात होते. ह्यूस्टनविरुद्ध नऊ डाव झाले, कुणाचीच धाव नाही. बारा झाले, वहीतल्या उभ्या रांगा संपल्या. पुढचं पान आडवं आखून घेतलं. सहा तास बावीस मिनिटं आम्ही तिथे होतो. अठराव्या डावात ह्यूस्टनच्या जेरेमी पेन्यानं चेंडू मध्यावरून भिंतीपलीकडे मारला. सामना १–०, मालिका संपली. आजूबाजूची माणसं डोकं धरून बसली होती. माझा हात थरथरत होता. डावीकडच्या पानावर पेन्याच्या घरातला चौकोन मी काळा केला, कडा न सोडता. त्या क्षणी मी शांत होते असं मुळीच नाही. पण जे झालं ते मी पाहिलं होतं आणि ते जसं झालं तसं कागदावर होतं.

तरी आशा सुटत नाही, आणि ती सुटावी असं मला आता वाटत नाही. नवरात्रात मंगळवारी आणि शुक्रवारी आई पाच घरी जोगवा मागायची. आम्ही काही उपाशी नव्हतो. घरात जोंधळ्याची पोती होती. तरी परडी घेऊन दारात उभं राहायचं. कुणी पीठ घालायचं, कुणी मूठभर तांदूळ, कुणी दारच उघडायचं नाही. यातलं हे नको, ते द्या, असं म्हणायचं नाही. आणि मला कुणाकडे काही मागायची गरज नाही म्हणून घरी बसायचं, तर तेही चालायचं नाही. आईच्या लेखी तो सगळ्यात मोठा ताठा होता. मी सहावीत असताना तिनं परडी माझ्या हातात दिली होती. रिकामी परडी पुढे धरून उभं राहायला किती अवघड वाटतं, ते त्या दिवशी कळलं. ऑक्टोबरातल्या पहिल्या चेंडूआधी छातीत होतं ते तेच आहे.

उद्या खंडेनवमी. गोळ्या मोजायची थाळी आणि पातं मी दर वर्षी पाटावर ठेवून त्यांना हळदकुंकू वाहते. यंदा शेजारी स्कोअरबुक आणि टोक केलेली पेन्सिल ठेवणार आहे.

ते तंत्रज्ञ आता चौऱ्याऐंशीचे आहेत, वृद्धाश्रमात असतात. डोळ्यांच्या पडद्याच्या आजारानं मधली नजर गेली. कडेचं थोडं दिसतं, कागदावरचं काही नाही. रेडिओ आहे, पण संध्याकाळच्या औषधानं आठलाच झोप लागते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोनवर त्यांना वही वाचून दाखवते, एकेक घर, दोन्ही पानं. मध्येच ते थांबवतात, तो चेंडू सहाकडे गेला की पाचाकडे, नीट बघ. मी बघते.

आज पूजा झाल्यावर त्यांना फोन केला. शनिवारच्या धास्तीबद्दल बोलायचं होतं. त्यांनी आधी विचारलं, "आज क्लीव्हलंडला कोण कोण टाकतंय?"

"डेट्रॉइटकडून स्कूबल," मी म्हणाले. गेल्या वर्षीचा साय यंग त्याचाच. डेट्रॉइट पुढे आलं तर आमच्यापुढे त्याच्याइतकं मोठं संकट नाही.

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "फार सुंदर टाकतो गं तो पोरगा. दहाला सुरू होईल. नीट लिहून ठेव, संध्याकाळी मला वाचून दाखव."

पावणेदहा झालेत. वही उघडली आहे, दोन्ही पानांवर नावं लिहून झाली आहेत.